माफी कोणी मागितली

२० ऑक्टोबर २०२४

डाव्या हाताने लिहितोय. अक्षर म्हणजे कुत्र्याचे पाय मांजराला. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी म्हणाली, "अंकल, रोज दो लाइन लिखिए, दूसरा हाथ भी खुल जाएगा." उजवा कोपरापर्यंत पट्टीत आहे. काल कंपू भागातल्या इस्पितळातून घरी आलो. मनगटातल्या दोन नसा शिवल्यात. अंगठा हलतो. बाकीच्या बोटांचं सहा महिन्यांनी बघू म्हणे.

२३ ऑक्टोबर

दसऱ्याला समरजीतने माझ्यावर तलवार चालवली. हे वाक्य लिहायला तीन दिवस लागले.

शेजारच्या सुलोचनाबाईंचा मुलगा. चौतीस वर्षांचा. बोलायला लागल्यापासून मला काका म्हणतो. सराफ्यात एका पेढीवर नथी गाठवतो — मोती ओवायचं काम, नजर आणि बोटं लागतात. दहा वर्षं डोक्याचं औषध चालू आहे. नसलं की आवाज ऐकू येतात, भलतंसलतं दिसतं. असलं की आपल्यासारखा, किंबहुना आपल्यापेक्षा सभ्य.

पाच वाजता सोनं द्यायला आला. अंगावर शाल. मला वाटलं, बरं नसेल. पान हातात दिलं, वाकून नमस्कार केला. मी "सुखी राहा" म्हणालो. आणि —

पुरे. हात भरून आला.

२६ ऑक्टोबर

पोलिसांना जबाब दिला. सगळं सांगितलं. एक गोष्ट सोडून.

१ नोव्हेंबर

सुलोचनाबाईंनी दिवाळीचं फराळाचं ताट पाठवलं. विमलने फराळ कामवालीला देऊन टाकला आणि ताट घासून, पुसून, रिकामं परत धाडलं. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, ह्या घरातून कुणाचं ताट रिकामं गेलेलं नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर. मी बघत होतो, बोललो नाही. उंबऱ्यावरचं रक्त तिने पुसलंय, मी नाही.

"त्याचं नाव ह्या घरात काढायचं नाही," म्हणाली. बरं.

९ नोव्हेंबर

विमल फूलबागेत फिरायला गेलेली बघून सुलोचनाबाई आल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. दाराच्या कडीला धरून उभ्या.

"भाऊजी, वकीलसाहेब म्हणतात, समर होशात नव्हता एवढं साबित झालं ना, तर केस राहणार नाही. तुम्ही समोर होता. तुम्ही एवढंच बोला — त्याला काही समजत नव्हतं."

एवढंच बोला! एकतीस वर्षं मी जिल्हा न्यायालयात स्टेनो होतो. शेकडो साक्षी ह्या बोटांखालून गेल्या. ते कलम मला तोंडपाठ आहे — पूर्वी चौऱ्याऐंशी, आता बावीस. आजारी आहे, भास होतात, दहा वर्षांची चिठ्ठ्यांची फाईल आहे — ह्या कशाने भागत नाही. त्या घडीला, वार करताना, आपण काय करतोय हे त्याला कळत नसलं पाहिजे. किंवा ते चूक आहे हे कळत नसलं पाहिजे. कायद्याला माणसाच्या दहा वर्षांशी घेणंदेणं नाही, त्याच्या एका क्षणाशी आहे.

आणि त्या क्षणाला मी एकटा साक्षीदार. नमस्कार करून उठला, शाल बाजूला केली, माझ्या डोळ्यांत बघितलं, आणि म्हणाला, "काका, माफ करा." मग हात उचलला.

माफी कोण मागतो? ज्याला चूक कळते तो. मी हे कोर्टात बोललो तर पोरगा दहा वर्षं आत जाईल. नाही बोललो तर मी खोटा साक्षीदार. असे खोटे साक्षीदार मी जन्मभर ओळखत आलो. ते नेहमी उत्तर देण्याआधी पाणी मागतात.

सुलोचनाबाईंना म्हटलं, बघतो. त्या गेल्यावर खरंच पाणी प्यायलो.

१० नोव्हेंबर

झोप लागते, पण राग जात नाही. रागावू कुणावर? त्याला कळत नव्हतं म्हणायचं, तर रागाला जागाच उरत नाही. कुत्रं चावलं तर आपण त्याच्यावर डूख धरत नाही, इंजेक्शन घेतो. पण समर कुत्रं आहे का? रागावणं हेसुद्धा माणसाला माणसात धरणं आहे. वेडा आहे, सोडून द्या, असं म्हणणं म्हणजे त्याला चालत्या पंगतीतून उठवणं. सगळे दयाळूपणे उठवतात, एवढंच.

विमलला हे सांगितलं. ती म्हणाली, "तुमचा हात कापला, डोकं नाही. डोकं कशाला शिणवता?"

२ डिसेंबर

भाजीवाल्यापाशी सुलोचनाबाई भेटल्या. समरने गोळ्या भाद्रपदातच सोडल्या होत्या. आईपासून लपवून. गोळ्यांनी हात थरथरायचे, मोत्याच्या भोकात तार जाईना. पेढीवाल्याने दोनदा सुनावलं होतं.

घरी येऊन हेच घोळवतोय. म्हणजे वार करताना तो भानावर नसेल, पण गोळ्या सोडताना होता. डोकं ठिकाणावर असताना ठरवून सोडल्या. मग दोष तिथून मोजायचा का? सरकारी वकील हेच म्हणेल, मीही त्याच्या जागी म्हटलं असतं.

पण डोकं ठेवायचं की हात, असं मला कुणी विचारलं असतं तर? ज्या हातांवर पोट भरतं, चारचौघांत मान मिळतो, ते हात? मी टायपिस्ट. मीही गोळ्या सोडल्या असत्या. दोन महिने एका हाताने अंघोळ केल्यावर हे छातीठोकपणे लिहू शकतो.

१४ जानेवारी २०२५

संक्रांत. विमलने गल्लीत सगळ्यांना तिळगूळ दिला. एक घर सोडून.

१५ जानेवारी

आता हे लिहायलाच हवं. वहीपाशी लपवाछपवी कसली.

त्यांचं घराणं शिपाईगिरीचं, आमचं पूजाअर्चेचं. दक्षिणेतून दोन्ही बरोबरच इकडे उत्तरेत आली. खंडेनवमीला त्यांच्या घरची शस्त्रपूजा आमच्या घरातल्या माणसाने करायची, ही रीत. आता शस्त्रं म्हणजे काय, एक तलवार आणि एक मोडकी कट्यार. समरचे वडील दौलतसिंह गेल्यावरही मी नेमाने जातो. ट्रंकेतून काढायची, लिंबू-राखेने घासायची, धार पुसायची, देवापुढे मांडायची. दसऱ्याचं सोनं वाटून झाल्यावरच परत ट्रंकेत.

यंदा नवमीच्या आदल्या दिवशी सुलोचनाबाई विचारायला आल्या होत्या. "भाऊजी, समरचं लक्षण मला ठीक दिसत नाही. यंदा विळीचीच पूजा करू या का? लोखंडच ते पण."

मी हसलो. म्हणालो, "तुमच्या घरात विळीची पूजा? दौलतसिंह वरून बघतायत." वर आणि हेही म्हणालो — पूजा झाल्यावर लगेच कुलपात घालू नका, शस्त्राचा अपमान होतो.

ब्राह्मणाचा शब्द. घासून लखलखीत केली तलवार त्यांनी. मीच हळदकुंकू वाहिलं.

मला कसलाही आजार नाही. कुठला आवाज ऐकू येत नाही. मी पूर्ण भानावर होतो. माझ्यावर कलम नाही.

२२ फेब्रुवारी

समरला भेटलो. खटला चालू आहे, पण त्याला उपचारासाठी वेड्यांच्या इस्पितळात ठेवलंय. विमलला सांगितलं, पेन्शनच्या कामाला जातो.

वाळलाय. गोळ्या चालू आहेत, हात थरथरतात. मांडीखाली दाबून बसला होता. मला बघून उभा राहिला, पण पाया पडायला वाकला नाही. मी घाबरेन म्हणून. त्याचं बरोबर होतं. मी घाबरलोच असतो.

मी एकदम विचारलं. माफ करा का म्हणालास?

म्हणाला, "काका, तुमचं मशीन आमच्या भिंतीला लागून आहे ना?" आहे. रिटायर झाल्यावरही मी लोकांचे अर्ज घरी जुन्या मशीनवर टाइप करून देतो. "दिवसभर ऐकू यायचं. तुमचा हात माझी सज़ा टाइप करत होता. तुम्ही नाही, तुम्हाला पता पण नव्हतं. फक्त हात. तो थांबवला की दोघं वाचू, असं वाटायचं. तुम्हाला दुखेल म्हणून माफी मागितली."

म्हणजे डॉक्टर इंजेक्शन देताना म्हणतो तसं! माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. म्हटलं, मग तुला चूक आहे हे ठाऊकच नव्हतं. मी हेच सांगतो कोर्टात.

तर हा मान हलवतो. "थोडं ठाऊक होतं काका. लोक गलत म्हणतील, पोलीस येईल, हे माहीत होतं. पण त्यांना मशीनचं ऐकू येत नव्हतं ना."

मी कपाळाला हात लावला. डावा. म्हटलं, अरे बाबा, हे मला सांगितलंस ते सांगितलंस, आणखी कुणाला सांगू नकोस. मीही ते माफीचं बोलत नाही. प्रश्नच मिटला.

"नाही, ते सांगा," म्हणाला. आवाज चढला नाही. "सगळे बोलतात, ते तू नाही केलंस, बीमारीने केलं. आई बोलते, डॉक्टरसाहेब बोलतात. ठीक आहे, हात बीमारीने उचलला. मग माफी कोणी मागितली? ती मी मागितली होती काका. त्या दिवशी माझं म्हणून तेवढंच होतं. ते पण काढून घेऊ नका."

बाहेर पडून रिक्षा मिळेपर्यंत रडलो. साठी ओलांडलेला माणूस रस्त्यात उभा राहून रडतो तेव्हा रिक्षावाले थांबत नाहीत.

४ मार्च

जिन्यात पावलं वाजली आणि मी दाराला आतून कडी घातली. दूधवाला होता. समरला समजून घेतलं म्हणून भीती जात नाही. त्या दोघींची, समजुतीची आणि भीतीची, ओळखही नाही.

१७ जुलै

साक्ष झाली. पाणी मागितलं नाही.

सरकारी वकिलाने विचारलं, वार करण्यापूर्वी आरोपी काही बोलला का? मी सांगितलं. "काका, माफ करा." सुलोचनाबाईंनी माझ्याकडे बघितलं, ते आयुष्यभर पुरेल. समर कठड्यामागे उभा होता. त्याने मान वर केली. महिनोनमहिने वाकलेला माणूस पाठ सरळ करतो तशी.

बचावाच्या वकिलाने विचारलं, वार करून पळाला? नाही. काय केलं? माझ्या शेजारी बसला. स्वतःच्या शालीने माझा हात बांधला. आणि मशीन कुठे आहे, ते बंद झालं का, हे तीनदा विचारलं. इतके दिवस हे मी कसं विसरलो होतो? की माफीएवढं ते मला महत्त्वाचं वाटलं नाही?

मग न विचारता बोललो. म्हणालो, हुज़ूर, तलवार बाहेर ठेवायला मी सांगितलं होतं, त्याची आई नको म्हणत होती. न्यायाधीश चष्म्यावरून बघून म्हणाले, "जितना पूछा जाए उतना बोलिए." टाइप करणाऱ्या मुलीची बोटं थांबली होती. माझं ते वाक्य कागदावर गेलंच नाही. मी एकतीस वर्षं तिच्या खुर्चीत बसलोय. जे टाइप होत नाही ते घडलेलं नसतं.

घरी आल्यावर विमलला खंडेनवमीचं सांगितलं. तिने हातातला घास खाली ठेवला. "नऊ महिने मी त्या बाईचं तोंड पाहिलं नाही," म्हणाली. "आणि तुम्ही बघत बसलात?" माझ्याशी आठ दिवस बोलली नाही, असं पुढच्या आठवड्यात लिहायला लागणार हे दिसतंय.

११ सप्टेंबर

निकाल. वार समरनेच केला, पण त्या वेळी त्याची बुद्धी ठिकाणावर नव्हती, सबब निर्दोष. डॉक्टरांची साक्ष आणि मशीनची गोष्ट मानली. माफीबद्दल लिहिलंय की, शब्द बोलता येणं म्हणजे बरंवाईट कळणं नव्हे. वाक्य चांगलं आहे. खरं आहे की नाही, मला अजून कळलेलं नाही.

आम्हाला वाटलं, संपलं. कसलं संपतंय! निर्दोष म्हणजे घरी असं नव्हे. कैदेला तारीख तरी असते, ह्याला तीही नाही. इस्पितळात ठेवतील, मुदत नाही. घरी सोडायचा तर नातलगाने किंवा मित्राने अर्ज करून हमी घ्यायची — औषधपाणी बघीन, कुणाला इजा होऊ देणार नाही. सुलोचनाबाई पुढे झाल्या. न्यायाधीश म्हणाले, वय चौऱ्याहत्तर, एकट्या, तुमच्याने आवरणार नाही. आणखी कुणी तयार आहे, जवळ राहणारं? सोमवारपर्यंत सांगा.

सुलोचनाबाईंनी मागे वळून बघितलं नाही. मी दुसऱ्या बाकावर होतो. वर्षभर ह्या वहीत दोष, भान, माफी — पानंच्या पानं. उठायचं होतं फक्त. नाही उठलो. उजवं मनगट धरून बसून राहिलो.

१५ सप्टेंबर

सकाळी विमल चांगलं लुगडं नेसली, तिने आधार कार्ड घेतलं, सुलोचनाबाईंना हाक मारली आणि दोघी कोर्टात गेल्या. मला विचारलं नाही. मी आपला मागोमाग.

बाबूने तिचा अर्ज वाचला. "मैडम, पड़ोसी नहीं चलेगा. रिश्तेदार या मित्र लिखना पड़ेगा."

तिने 'पड़ोसी' खोडलं आणि वर लिहिलं, काकी.