पिठावरची बोटं

प्रिय बजरंग,

तुझा फोन येऊन गेला आणि तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. "ताई, आई हळदीला काहून न्हाई म्हणती? रुसली का? तू समजाव ना तिला." एवढं बोललास, मागून कुणीतरी हाक मारली आणि ठेवून दिलास. समजाव म्हणे! फोनवर सांगायला गेले तर अर्ध्यातच "हां हां, बरं बरं" करून मोकळा होशील, म्हणून लिहायला बसले आहे. लग्नाच्या गडबडीत असशील, तरी शेवटपर्यंत वाच.

आई रुसलेली नाही. ती म्हणते, "त्याच्या हळदीला माजा हात नको, बाई. माज्या हातानं नासतंय." आपल्यात नवरदेवाला हळदीचं पहिलं बोट आईचं लागतं, हे मी तुला सांगायला नको. मी माहेरी जाऊन तिच्याशी भांडले, ओरडले, शेवटी रडले. ती उठली आणि शेळ्यांना पाला टाकायला गेली. आबा म्हणाले, "नगं लागू तिच्या नादाला. तिच्या मनातलं जायचं न्हाई ते." कशामुळे, ते तुला खरंच कळत नाही? की कळत असून मला विचारतोस?

पुण्याला नवा नवा गेलास, त्या हॉटेलच्या भटारखान्यात लागलास, तेव्हा रोज आईला फोन करायचास. पिझ्झाचा मैदा कसा मळतात, त्यात यीस्ट टाकलं की तो कसा फुगून वर येतो, सगळं रंगवून सांगायचास. "शेट ओरडला की मी सगळा राग पिठावर काढतो. फुगलेल्या गोळ्यावर असे मुक्के हाणतो की बास!" हे ऐकून आई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायची. चतुर्थीला लिंबागणेशला गेली की देवळाच्या ओट्यावर बायकांना सांगायची, माझं लेकरू पुण्यात पिठाला कुटतंय म्हणून. तुझी नोकरी टिकावी म्हणून त्या चतुर्थ्या धरल्या होत्या तिने. अजून धरते.

आणि मग ती दिवाळी. करिष्माशी तुझं जमत होतं, तिला घेऊन तिचे आईवडील हडपसरहून आपलं घर बघायला यायचे होते. आदल्या दिवशी तू पिशवीभर मैदा, चीज, यीस्ट घेऊन आलास. "भाकरी-पिठलं काय घालता त्यांना, मी माझ्या हातचा पिझ्झा करतो," म्हणालास. आईला कोण आनंद! आपल्या घरात पुरुष कधी परातीपुढे बसला होता का? पुरणपोळीलाच निघते ती मोठी परात तिने तुला काढून दिली, घासूनपुसून. तू मळत होतास आणि ती शेजारी बसून नुसती बघत होती. रात्री तू गोळा डेगचीत ठेवलास, वर ओलं फडकं टाकलंस आणि बजावलंस की कुणी हात लावायचा नाही.

सकाळी पाहुणे आले. मी चहाचे कप देत होते. आई साखर आणायला आत गेली आणि तिने फडकं उचलून पाहिलं. पांढराफेक गोल गोळा, रात्रभर तसाच ठेवलेला. मळलेलं पीठ आपण रात्रभर ठेवत नाही. ठेवावंच लागलं तर वर बोटं उमटवतो, नाहीतर तो पिंडासारखा दिसतो. हे आपल्या आजीने आईला सांगितलं, आईने मला. आईने चार बोटं दाबली. कुणासाठी? संध्याकाळी तू मोटारसायकलवर नगरच्या रस्त्याने परत जाणार होतास, म्हणून. मला तिने नंतर सांगितलं, "लेकराला लांब जायचं हुतं, अन् घरात पिंड कसा ठिवू?"

तेवढ्यात तू करिष्माच्या आईला मोठ्या ऐटीत आत घेऊन आलास, फुगलेला मैदा दाखवायला. आणि तो बसलेला! मग तू जे बोललास ते मी इथे लिहिते, कारण तू विसरला असशील. "अडाणी ते अडाणीच राहणार तुमी. रातभराचं वाटोळं केलं!" पाहुण्यांच्या देखत. डेगची उचललीस आणि थेट उकिरड्यावर उपडी केलीस. आबा बाजेवरून म्हणाले, "पीठच हाय ना बे, माणूस तर न्हाई गेलं कुणी." त्यांच्याकडे तू पाहिलंसुद्धा नाहीस. शेळ्या मोकळ्या होत्या. ते आंबलेलं कच्चं पीठ खाल्लं असतं तर पोटं फुगून मेल्या असत्या. म्हणून आई दिवाळीच्या नव्या लुगड्यानिशी उकिरड्यावर बसली आणि दोन्ही हातांनी चिकट पीठ गोळा करायला लागली. करिष्मा तिला मदत करायला उठली, तर तू तिला म्हणालास, "बस तू, त्यांना सवय आहे."

ते मी ऐकलं, बजरंग. आईनेही ऐकलं.

पाहुणे शेवटी माझ्या हातची भाकरी खाऊन गेले, कारण आईने परातीला हात लावला नाही. त्यानंतर ती दुसऱ्यासाठी पीठ मळत नाही. शहादेवमामाच्या मुलीच्या लग्नात पुरणपोळ्यांना बायका बोलवायला आल्या, तर हात दुखतो म्हणून मांडवाच्या कोपऱ्यात बसून राहिली. घरी पाव्हणा आला की शेजारणीला हाक मारते. जिच्या भाकरीसाठी सोयरेधायरे वाट वाकडी करून यायचे, ती बाई आता स्वतःचे हात पदराखाली धरून बसते. आणि तू मला फोनवर विचारतोस, "आई बरी हाय ना?" मी हो म्हणते. आजवर हो म्हणत आले, आता म्हणणार नाही.

तुझा फोन ठेवल्यावर मला वाटलं, बघूच एकदा, एवढं काय मोलाचं नासलं होतं माझ्या आईने. यांना केजला पाठवून मैदा आणि यीस्टची पुडी आणवली. जाऊबाई हसायला लागल्या, म्हटलं हसा. कोमट पाण्यात साखर घातली, यीस्ट भिजवलं, फेस आल्यावर मैदा मळला, तेलाचा हात लावला आणि झाकून ठेवला. सकाळी झाकण काढलं तर छान वर आलेला. आणि काय सांगू, माझीच बोटं आपोआप त्यात गेली! आईचीच लेक मी. गोळा फुस्स करून बसला. मी तुला मनातल्या मनात शिव्या दिल्या, झाकण टाकलं आणि कापूस वेचायला निघून गेले. म्हटलं, आल्यावर फेकू.

परत आले तर झाकण वर उचललेलं. गोळा पहिल्याइतकाच टम्म. माझ्या बोटांची खूणसुद्धा नव्हती. मग फोनवर शोधलं. एक बाई हसत हसत फुगलेल्या गोळ्यात मूठ खुपसते आणि म्हणते, हवा काढा आणि परत फुगू द्या. जो तो तेच करतो. मग मला तुझे ते मुक्के आठवले आणि अंगाची नुसती लाही झाली.

तुला माहीत होतं! काहीही नासलं नव्हतं. चुलीजवळ सरकवून थोडा दम धरला असतास तर तोच गोळा परत वर आला असता. तुझा रोजचा धंदा तो, तुला नाही कळणार तर कुणाला? तू पिठासाठी चिडलाच नव्हतास. हडपसरच्या पाहुण्यांपुढे आपल्या आईची, तिच्या बोलण्याची, शेणाने भरलेल्या टाचांची तुला लाज वाटली, आणि त्या लाजेचा राग तिच्यावर काढायला तुला निमित्त हवं होतं. माझी आई मात्र तेव्हापासून आपल्या हाताला नासका म्हणते आहे.

मी तिला यातलं काही सांगितलेलं नाही. मी सांगितलं तर ती म्हणेल, बाई, तू माजी समजूत काढतीस. म्हणून हे पत्र. तिला न्यायला गाडी पाठवू नकोस, करिष्माला फोनवर गोड बोलायला लावू नकोस. तू स्वतः ये. मैदा घेऊन ये. त्याच परातीत तिच्यासमोर मळ. फुगला की तिचा हात धरून तिला बोटं उमटवायला लाव. आणि तो परत वर येईपर्यंत तिच्याजवळून उठू नकोस. बोलायला काही सुचलं नाही तर गप्प बस, पण बस. तेवढा वेळ तुझ्याकडे त्या दिवशीही होता.

तुझीच,
उज्ज्वलाताई
नांदूरघाट