खिशातला फ्यूज

निमोणे, मे १९९९

आबा,

हे पत्र तुमच्या हाती द्यायची छाती न्हाई माझी.

उद्या आमच्या मोटार रिवायंडिंगच्या दुकानाला वरीस व्हईल. आम्हा तिघा दोस्तांचा एकच नियम व्हता: मोटारीत ज्याचा हात, फ्यूज त्याच्या खिशात. तुमचा बिरदेव शॉक लागून गेला, तवा सगळे म्हणले, फ्यूज काढायला इसरला. मीबी मान हलवली.

इसरला न्हवता, आबा. गिऱ्हाईक घाई करत व्हतं, फ्यूज जागेवर दिसला न्हाई, म्हणून न इचारता तिथं मीच तार जोडून लाईट चालू केली.

परवा दुकानात तुम्ही, त्यानं त्या दिवशी खुंटीवर काढून ठेवलेला सदरा उराशी धरलात. खिशात टणक काय हाय, इचारलंत. "आसंल कायतरी," म्हणलो. तुम्ही डोळं पुसलंत आन् माझीच माफी मागितलीत, "पोरगं इसरभोळं निघालं रं माझं."

सुदाम