केतकीच्या बाहीवरचा बिल्ला

शुक्रवार, संध्याकाळ

केतकीला डेंग्यूने नेलं. तिचा शाळेतल्या स्काउट-गाईडचा निळा युनिफॉर्म आता धाकटी सई घालणार. केतकीने परीक्षा देऊन मिळवलेला बिल्ला आज मीच उसवला. कशाला इतके घट्ट टाके घातले होते मी? बिल्ल्याखालचं कापड अजून गर्द निळं, बाकी बाही विटलेली.

सईचा नवा बिल्ला सुलतान बाजारातला. दुकानदार म्हणाला, "इस्त्री मारो अम्मा, चिपक जाता." इस्त्री तापवली, बिल्ला ठेवून पाहिला. लहान पडला. भोवती ते गर्द निळं दिसतच राहिलं.

सई म्हणाली, "आई, ताईचाच लाव ना."

तो सईने मिळवलेला नाही, शाळेत बाई काढायला लावतील. तरी लावला, जुन्याच भोकांतून सुई घालून.

काढायचा तर बाईंनी काढावा. मी पुन्हा उसवणार नाही.