गुणानं सांगितलेले सिनेमे

रामनगर, ता. जोयडा
२५ जानेवारी १९९०

प्रिय शांता,

अक्षर बघून घाबरू नकोस. आजवर माझी सगळी पत्रं तुला तुझ्याच लेकीच्या, गुणाच्या, वळणदार अक्षरात आली आणि हे मात्र कागदावर कोंबड्या फिरून गेल्यासारखं दिसत असेल. मीच लिहितेय, जाड निळ्या स्केचपेननं, परसातल्या उन्हात बसून. मोतीबिंदू आता इतका वाढलाय की समोर माणूस आला तर उभा धूर आल्यासारखा वाटतो, पण पांढऱ्या कागदावरची निळी रेघ अजून सापडते. ओळी एकमेकींवर चढल्या असतील तर सांभाळून घे. गुणा दुपारी शिवणाच्या वर्गाला जाते, तेवढाच तासभर माझा. आज चौथा दिवस. तिची चाहूल लागली की कागद उशीच्या अभ्र्यात जातात. तिच्याबद्दलचं पत्र तिच्याच हातून कसं लिहून घेणार?

मागच्या पत्रात तू विचारलं होतंस, टीव्हीवर सध्या काय बघता. बघतात बाकीचे, मी ऐकते. आमच्या तुकारामानं, तुझ्या जावयानं, टीव्ही आणला तेव्हा मला चांगलं दिसत होतं. पोफळीच्या खांबावर अँटेना बांधायला तो स्वतः वर चढला होता आणि मी खालून ओरडत होते की उतर, मला सिनेमा नको, तू हवास. पुढच्या श्रावणात कावीळ झाली आणि गेला. आता चार वर्षं होतील. टीव्ही राहिला, गुणा राहिली, आणि माझ्या डोळ्यांपुढं हळूहळू पडदा आला. तेव्हापासून गुणा माझ्या शेजारी बसते आणि पडद्यावर काय चाललंय ते कानात सांगते. ह्यांचा काही उपयोग नाही. जेवण झालं की बातम्यांतसुद्धा घोरतात.

बुधवारी एक हिंदी मालिका लागते, कापडदुकानवाल्यांच्या घरातली. तुझ्याकडं लागत असेल तर बघ आणि सांग, त्यातली सासू झोपतानाही बांगड्या काढत नाही का? मला तिच्या बांगड्याच तेवढ्या ऐकू येतात. ती दारामागं उभी राहून चोरून ऐकते म्हणे, आणि कुणाला तिचा पत्ता लागत नाही. एवढ्या बांगड्यांचा आवाज घरातल्या कुणालाच येत नसेल, तर त्या घरात मोतीबिंदू नाही, दुसरंच काहीतरी आहे. थोरली सून मात्र गुणी आहे, सासूचं सगळं मुकाट करते. गुणा तिच्याबद्दल सांगताना जरा भरभर बोलते.

मला खरे आवडतात ते रविवारी दुपारचे सिनेमे. कुठल्या कुठल्या मुलखातले असतात, भाषा आपल्याला ओ की ठो कळत नाही. ना मराठी, ना कन्नड. खाली इंग्रजीत अक्षरं येतात. गुणा दहावी पास, ती अक्षरं लावून लावून वाचते आणि अर्थ सांगते. तिकडं पाऊस पडतो तो आपल्यासारखाच, भात लावतात तेही आपल्यासारखंच, फक्त माणसं बोलतात फार कमी. माझं मत विचारशील तर त्या सिनेमांत शाळामास्तर सगळे चांगले निघतात आणि जमीनदार सगळे वाईट. आपल्या शाळेतले मास्तर आठव, म्हणजे पहिलं किती खरं ते कळेल.

मास्तरांवरून तंबूतला सिनेमा आठवला. आपण सातवीत होतो. जत्रेत तंबू आला होता आणि तुझ्या आजीला मस्का लावून आपण दोघी गेलो होतो. नायक तापानं फणफणला, तशी तू हुंदके देत बाहेर पळालीस आणि उसाच्या रसाच्या गाड्यापाशी जाऊन बसलीस. मी शेवटपर्यंत बघितलं. बाहेर आल्यावर तू विचारलंस, वाचला का गं? मी म्हटलं, वाचला, आणि दोघांचं लग्नही झालं. तू तिथंच डोळे पुसून दुसरा ग्लास मागितलास. शांते, तो मेला होता. पस्तीस वर्षांनी सांगतेय, रागावू नकोस. तुझं तोंड बघून खरं सांगायचा धीरच झाला नाही. ही गोष्ट मी पार विसरून गेले होते. गेल्या दिवाळीनंतर शेजारच्या कमलशी माझं भांडण झालं, तेव्हा ती आठवली.

कमलकडं रंगीत टीव्ही आहे, त्यामुळं तिला सिनेमातलं सगळं जास्त कळतं असं तिचं म्हणणं. एका सोमवारी ती पापडाचं पीठ कुटायला आमच्याकडं आली आणि आदल्या दिवशीच्या सिनेमावर बोलणं निघालं. नावाड्याची तरुण विधवा, तिला लिहायला शिकवणारा मास्तर. मी म्हटलं, शेवटी मास्तरानं होडी वल्हवत येऊन तिला मागणी घातली ते मला फार आवडलं. कमलनं मुसळ थांबवलं. म्हणाली, अगं विमल, मास्तर तर बदली होऊन निघून गेला, ती बाई पांढऱ्या लुगड्यात काठावर उभी राहिली आणि सिनेमा संपला. भाषा मला कळत नसेल, पण डोळे आहेत. मी म्हटलं, माझ्या सुनेला इंग्रजी येतं, तुला येतं का? त्या दिवशी पीठ आम्ही दोघींनी रागानंच कुटलं. पापड चांगले झाले.

पण माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. पुढचे कितीतरी सोमवार मी कमलला काही ना काही निमित्त काढून बोलावलं आणि सिनेमाचा शेवट काढून घेतला. विणकराच्या घरातली सून, गुणाच्या सांगण्यात, रंगाऱ्याशी लग्न करून शहरात गेली. कमलनं बघितलेली सून मागावरच म्हातारी झाली. आणखी एकीला गुणानं मेव्हण्याच्या तावडीतून सोडवून एका कंपाउंडरच्या घरी नांदायला पाठवलं. कमलच्या म्हणण्याप्रमाणं तिनं विहीर जवळ केली होती. बाकी सगळं गुणा इमानानं सांगते, कोण काय बोललं, आकाश कसं होतं, कुणाच्या अंगावर काय होतं. फक्त नवरा गेलेल्या बाईचं शेवटी भलं करते. आधी मला हसू आलं. मग एका सोमवारी कमल गेल्यावर मी चुलीपाशी बसून रडले. सत्तावीस वर्षांची पोर, शांते. तिच्या मनात काय आहे ते ती मला दर रविवारी कानात सांगत होती, आणि मी शेंगा खात ऐकत होते.

आता वासूबद्दल. गणेशगुडीला त्याचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. आपल्यातलाच, मूळचा खानापूरकडचा. बायको बाळंतपणात गेली, केशर नावाची पाच वर्षांची मुलगी आहे, आई आहे. आमची अँटेना वाऱ्यानं फिरली की तो येतो. गेल्या वर्षात ती सात वेळा फिरली. रामनगरला एवढं वारं कुठून आलं, हा प्रश्न मला पडायला हवा होता. संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात तो आला, अँटेनाला हातही न लावता ओसरीवर बसला आणि म्हणाला, “मावशी, तुमच्या सुनंला मी काय इचारलेलं न्हाई. आधी तुम्हांस्नी इचारतोय. मला ती पसंत हाय. तुम्ही न्हाई म्हणालात तरी अँटेना बिघडली की मी येनार हाय.”

मी म्हटलं, बघू. एवढंच. आत स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला होता, म्हणजे गुणानं ऐकलं होतं. पण त्यानंतर दोन आठवडे आम्ही दोघी तिळगूळ, दळण आणि बुधवारची सासू यांवरच बोलत होतो.

मग गेला रविवार. सिनेमात पुन्हा नवरा गेलेली सून आणि तिची आंधळी होत चाललेली सासू. सासू आंधळी आहे हे गुणानं मला बऱ्याच उशिरा सांगितलं. शेवटाला मला सनई ऐकू आली, ढोल ऐकू आला, बायका हसत होत्या. मी विचारलं, लग्न कुणाचं गं? गुणा शेंगांची टरफलं गोळा करायला लागली. मग म्हणाली, “दुसऱ्याच कुणाचं तरी, आत्ती. ती न्हाई गेली. सासूला कोण बघनार म्हणून ऱ्हायली.” आणि उठून चहा ठेवायला गेली.

सोमवारी कमलला विचारायचीही गरज पडली नाही. ती आपण होऊन सांगत आली, की विमल, अखेर एका तरी सिनेमावाल्याला अक्कल आली. त्या सुनेचं लग्न झालं, आणि आंधळ्या सासूनं चाचपत चाचपत तिच्या कपाळाला कुंकू लावलं. मी हातातली सुपली खाली ठेवली. बाकीच्या सगळ्या बायकांची लग्नं जिनं स्वतः जुळवली, तिनं खरं झालेलं एक लग्न माझ्यासाठी मोडलं. त्याच दुपारी मी हे पत्र सुरू केलं.

शांता, आता जे लिहितेय ते तुझ्याशिवाय कुणाला कळायला नको. बेळगावच्या डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वीच मला सांगितलंय की तासाभराचं काम आहे, डोळे परत मिळतील. मी सगळ्यांना सांगत राहिले की मला भीती वाटते. भीती सुरीची नव्हती. मला दिसायला लागलं तर गुणाला माझ्या शेजारी बसायचं कारण उरणार नाही, आणि मग ती या घरात कशासाठी राहील, ही भीती होती. तुकाराम गेला तेव्हा तुझे बाबुराव म्हणाले होते, आमच्या घराण्यात नवरा गेलेल्या मुलीचा पाट लागत नाही. तू माझ्या गळ्यात पडून म्हणालीस, गुणा तुझ्याच घरी बरी. मी वर वर रडत होते, पण मनात बरं वाटलं होतं. मुलगा गेला, निदान ही तरी राहील. लेक तुझी, आणि आपल्या दोघींच्या सोयीसाठी आपण तिला असं बसवून ठेवलं. माझ्या स्वार्थाची मला लाज वाटते. तुला वाटते की नाही ते तू बघ.

ह्यांना मी सांगितलं. बराच वेळ सुपारी कातरत बसले आणि म्हणाले, “ती अँटेना मलाबी दिसत हुती.” म्हणजे घोरणारा माणूस सगळं बघत होता. त्यांचा होकार आहे. गुणाला मात्र मी अजून विचारलेलं नाही. मी एकटीनं विचारलं तर ती माझ्या डोळ्यांकडं बघून नाहीच म्हणेल. तुम्ही आईबाप सोबत असाल आणि माझ्या ऑपरेशनची तारीख ठरलेली असेल, तरच तिला खरं उत्तर देता येईल. म्हणून मी तारीख घेतलीय, १९ फेब्रुवारी.

तर हे पत्र मी एवढ्यासाठी लिहिलं. उळवीच्या जत्रेला तुम्ही दोघं दरवर्षी जाता, यंदा येताना आमच्याकडं उतरा. पत्रानं उत्तर पाठवू नकोस, माझी पत्रं गुणाच वाचते. बाबुराव नाहीच म्हणत असतील तर त्यांना सांग, की विमलनं जन्मात काही मागितलेलं नाही, एकदा मागतेय. ते मानत नसले तर तू एकटी ये. आणि पाट लावायचा तो पूर्वीसारखा अंधार पडल्यावर, घरामागं, कुणाला ऐकू जाणार नाही असा लावायचा नाही. ते मी करू देणार नाही. गुढीपाडव्यानंतर, माझ्या अंगणात, दुपारी बाराला, सनई-ढोल लावून, अख्ख्या रामनगरला बोलावून. तू तिची आई म्हणून उभी राहशील, मीही आई म्हणूनच उभी राहीन. केशरला आपल्या दोघींच्या मध्ये उभी करू. तोवर माझी पट्टी निघालेली असेल. कुंकू मी चाचपत लावणार नाही. आणि तू उसाच्या रसाच्या गाड्याकडं पळायचं नाहीस. या खेपेला शेवट कुणी कुणाला सांगायचा नाही, दोघींनी उभं राहून बघायचा.

तंबूत तुला एकदाच फसवलेली,
तुझीच
विमल