पांढऱ्या दगडापाशी पाणी

४ जानेवारी

सौ. नव्या आजीबाईंस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

नातीचं नाक माझ्यावर गेलंय हे वाचून दोन दिवस आरशासमोरून हललो नाही. लेकीच्या अंगात अजून ताकद नाही म्हणतेस, तर तिला टाकून घाईनं येऊ नकोस.

बटाट्याचं मात्र बिघडलंय. परवा पाटाच्या पाण्याची आपली पाळी होती. रानाच्या शेवटाला हात करायला तू नाहीस, म्हणून दर सरीचं पाणी टोकाला पोचलं का ते बघायला मीच खाली जायचो आणि धावत वर येऊन सरीचं दार लावायचो. तेवढ्यात शेवटाला तळं साचलं. आज तिथली पानं पिवळी पडलीत. टोकाला वीतभरही पाणी जास्त होत नाही म्हणून ज्या रानाची मी बढाई मारत फिरलो, तिथे शेजारणीची बदकं पोहतायत! आता गड्डे धरायला लागलेत. पुढची पाळीही अशीच गेली, तर शेवटाकडचे सगळे सडतील. पाटकरीच पाणी जास्त सोडतो, असं त्याला तोंडावर सुनावून आलोय.

बाळाला पापा. राग असला तरी लोभ असू द्यावा.

तुझा,
आजोबा झालेला

८ जानेवारी

ती. स्व. बाळाच्या आजोबांस,
सा. न. वि. वि.

आधी त्या पाटकऱ्याची माफी मागा. चूक माझी आहे, आणि चांगली सव्वीस वर्षं जुनी.

मी शेवटाला उभी राहून हात वर करायची आणि तुम्ही वर दार लावायचात. पाणी माझ्या पायाशी आलं की मी हात करते, असं तुम्ही धरून चाललात. पहिल्या वर्षी तसंच केलं आणि घोट्यापर्यंत रुतले. दार लावलं तरी सरीत आलेलं पाणी पुढे चालतच राहतं ना! दोनदा सांगून पाहिलं. पाणी मला शिकवू नकोस, म्हणालात. मग नाही शिकवलं. पाऊण सरीवर बांधाला एक दगड ठेवला, त्याला चुना फासला, आणि पाणी दगडाशी आलं की हात वर करू लागले. उरलेलं अंतर पाणी आपल्या पायांनी येतं.

पुढे तुम्ही आपल्या अंदाजाचं कौतुक चारचौघांत सांगायला लागलात. तेव्हा खरं सांगायचा मला धीर झाला नाही. आणि तुमचा तो रुबाब मला आवडायचाही.

लेक महिनाभर राहा म्हणते. तुम्हाला जमलं तरच राहीन.

रागावलात तरी जेवत जा, आणि माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
शेवटाला उभी राहणारी

१५ जानेवारी

सौ. आजीबाईंस,
अ. आ.

पत्र वाचून दिवसभर तुझ्यावर धुमसत होतो. मग दगड शोधला. मी त्याला हद्दीचा दगड समजायचो! पाटकऱ्याची माफी मागितली, तर तो हसत सुटला. त्यालाही ठाऊक होतं म्हणे. मलाच काय ते ठाऊक नव्हतं.

काल पाळी झाली. पाटाच्या भरावावर उभं राहिलं की दगडही दिसतो आणि सरीतली चकाकीही. पाणी दगडाशी आलं की दार लावलं. खाली जाऊन पाहिलं, टोकाला पाणी पोचून थांबलेलं, तळं नाही. दोन रोपं उपटून बघितली, गड्डे धड आहेत. तेव्हा तू खुशाल महिनाभर राहा.

एक लिहू की नको, असं झालंय. दार वेळेवर लावूनही मी प्रत्येक सरीला शेवटाकडे बघत उभा राहायचो. हात काही वर झाला नाही. फार चुकल्याचुकल्यासारखं वाटलं.

लोभ होता त्याहून वाढलाय, हे कळावे.

तुझा,
वर उभा राहणारा

१९ जानेवारी

ती. स्व. आजोबांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र लेकीनं वाचलं आणि माझी पिशवी तिनंच भरली. ती आता हिंडतेफिरते, बाळही नीट पितं. शुक्रवारी पोचते. पुढच्या पाळीला शेवटाला मी आहे.

दार तुम्ही दगड बघूनच लावा. हात मी तरीही वर करीन.

तुमचीच