भिंगरीचा पहारा

ती. सौ. ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (जागेअभावी आठांपैकी पाचच अंगं टेकली आहेत, गोड मानून घे.) मी इथे अगदी खुशाल आहे. तुझा गुडघा काय म्हणतोय?

दुपारी तू तुझ्या भिंगरीला माझ्या गळ्यात मारून तिच्या बालवाडीच्या बाईंकडे गेलीस. 'मुलगी दोन मिनिटं एका जागी टिकत नाही, पुढच्या वर्गात कशी घालणार?' ही त्यांची चिठ्ठी आल्यापासून तुला झोप नाही, हे मला ठाऊक आहे. पण बाई खोटं बोलत नाहीत गं! पंचवीस वर्षं शिंपीकाम करतोय, तरी या साडेचार वर्षांच्या कार्टीच्या फ्रॉकचं माप घेताना टेप माझ्याच पायात अडकते. 'नीट उभी राहा' म्हटलं, तर गरागरा फिरली. चॉकलेट दिलं, तर ते खाऊन फिरली. शेवटी मी डोकं चालवलं (हसू नकोस). म्हटलं, तू पहारेकरी, कोठीत आईचा केक आहे, चोराला सोडायचं नाही. तिने लाटणं खांद्यावर घेतलं आणि दाराशी जी उभी राहिली, ती नाकावर माशी बसली तरी हलेना! मी निवांत माप घेतलं.

इथवर सगळं छान होतं. पण केकचा वास सुटला होता आणि माझा स्वभाव तुला माहीत आहे. 'मी पहाऱ्याचा साहेब, तपासणीला आलोय' म्हणून आत शिरलो. तिने दारातून माझ्या मिशीला लागलेलं क्रीम पाहिलं, विचार केला आणि म्हणाली, साहेब केक खात नाहीत, तू चोर आहेस. दार लोटलं. खेळ संपला म्हटलं, तर 'चोराने सांगून संपत नसतो!' (वकील होणार ही.) दाराखालून चॉकलेट सरकवलं. 'नाही खायचं, नाही खायचं' असं स्वतःलाच बजावत तिने ते परत आत ढकललं. मग मीच खाल्लं.

तुझा कोठीवासी,
धाकटा

ता.क. पत्र दाराखालून सरकवतोय. आल्या आल्या कडक आवाजात 'पहारा संपला' म्हण. मी दोन कप चहा प्यायलोय, उशीर करू नकोस.

ता.क. २. केकचा फक्त कोपरा खाल्ला असं सांगणार होतो. फक्त कोपरा उरलाय.

ता.क. ३. दाराला कडी नाही. बोटाने ढकललं तरी उघडेल. पण पावणेदोन तास झाले ताई, आणि बाहेरून अजून 'नाही हलायचं, नाही हलायचं' ऐकू येतंय. माझ्याच्याने नाही मोडवत ते. बाई मागच्याच गल्लीत राहतात ना? मग मला सोडवण्याआधी त्यांना बोलावून आण, बघू दे त्यांना. चहाचं काय ते मी बघतो. थांबतो.