पंच्याऐंशीच्या लेन्सने अत्तैचा केलेला घात

मैलापूर, मार्गळी महिना, मंगळवार
(सकाळची कॉफी अजून घेतलेली नाही, हे ध्यानात ठेवून वाच.)

चिरंजीव वरदू यास पंकजम् अत्तैचे अनेक आशीर्वाद. पुढे मजकूर रागाचा आहे, म्हणून आशीर्वाद आधीच देऊन टाकले. तुझी तब्येत बरी असेलच. दुसऱ्याच्या पोटावर पाय देणाऱ्यांना सहसा काही होत नाही. कोईमतूरच्या हवेने खोकला कमी झाला का? मन्नीने धाडलेलं लिंबाचं लोणचं पोचलं, छान मुरलंय, असं तिला, तुझ्या आईला, माझ्यातर्फे सांग. अण्णाचे गुडघे कसे आहेत? (ते बिघडले कुणामुळे, हे मी पुढे लिहिणारच आहे.) फोन न करता पत्र लिहिते, कारण फोनवर तू "अत्तै, ऐक तर" म्हणून मध्ये घुसतोस. आता पत्रात घुसून दाखव.

मूळ चूक माझीच. दिवाळीत तू मित्राकडून चार लेन्स मागून आणल्यास आणि माझ्या पलंगावर इडल्यांसारख्या मांडल्यास. यातली एकच विकत घ्यायची, ती लग्नाला चालली पाहिजे, मैफलीला चालली पाहिजे आणि माणसाचा नुसता चेहरा काढायलाही चालली पाहिजे, म्हणालास. मी साधं विचारलं, "अरे, मग झूमवाली घे ना, जवळचं-लांबचं सगळं एकीत येईल." त्यावर सांबारात गूळ घाल म्हटल्यासारखं तोंड केलंस. म्हणे झूमला अंधारात दिसत नाही, ही एकाच ठरलेल्या नंबरची लेन्स तोंड मोठं उघडून प्रकाश पिते, फक्त तिला पुढे-मागे होता येत नाही, फोटो काढणाऱ्यानेच पुढे-मागे व्हायचं. तेव्हाच मला कळायला हवं होतं. जी वस्तू स्वतः हलत नाही आणि दुसऱ्यांना हलवते, ती घरात आणू नये. तुझ्या आजोबांबरोबर (माझे वडील ते) मी चाळीस वर्षं काढली आहेत.

मग मला खिडकीपाशी बसवून परीक्षा सुरू झाली. पस्तीस नंबरच्या लेन्सने माझं नाक वांग्याएवढं केलं. पन्नासने मला जशी आहे तशी दाखवली, म्हणून तीही बाद (तू केलीस, मी नाही). एकशे पस्तीस लावल्यावर तू मागे सरत सरत दाराबाहेर, तिथून जिन्यात, तिथून समोरच्या कामाक्षी मामींच्या स्वयंपाकघरात गेलास आणि त्यांच्या रसमच्या पातेल्यामागून ओरडलास, "अत्तै, जरा हस!" मामी अजून विचारतात, तुमच्या मुलाला काय होतं? भावाचा मुलगा आहे, माझा नव्हे, एवढंच मी सांगते. शेवटी पंच्याऐंशीवर शिक्कामोर्तब झालं. तिने माझा चेहरा खरंच बरा काढला होता, आणि तिथेच मी फसले. इथल्या संगीत सभेच्या सेक्रेटरींकडे जाऊन "आमचा वरदू फ्लॅश न मारता फोटो काढतो हो, गाणाऱ्याच्या डोळ्यांवर काजवे चमकवत नाही" अशी तुझी शिफारस मी स्वतःच्या जिभेने केली. ती जीभ आता चावते आहे.

मध्ये कोईमतूरला वसुधाचं लग्न झालं. सख्ख्या बहिणीच्या लग्नात तरी माणूस जपून वागतो. तू ती एकशे पस्तीस परत देण्याआधी एकदा वापरून बघावी म्हणून लग्नातच घेऊन आलास! काशीयात्रेचा विधी काय लांबचा असतो का रे? नवरा मुलगा छत्री-काठी घेऊन, मी संसार सोडून काशीला निघालो, म्हणत दाराबाहेर दहा पावलं टाकतो, मुलीचा बाप नारळ घेऊन मागे जातो, बाबा माझी मुलगी घे पण जाऊ नको म्हणतो, सगळे हसतात, संपलं. पण तुझ्या लेन्समध्ये छत्री मावेना. "श्रीवत्सन्, अजून थोडं पुढे. अजून. छत्री तुटतेय, अजून." तो बिचारा गरीब, सांगितलं की ऐकणारा (वसुधाचं नशीब). फूलवाला ओलांडला, सायकलचं दुकान ओलांडलं, बस थांब्यापाशी जाऊन उभा राहिला. तिथल्या एका आजोबांनी विचारलं, "कुठं निघालात, तंबी?" हा म्हणतो, "काशीला." आजोबा म्हणाले, "मग स्टेशनवर जा. इथून फक्त पोल्लाचीची गाडी सुटते." तेवढ्यात गाडी आलीच, आणि गर्दीच्या रेट्यात नवरा मुलगा छत्रीसकट आत! अण्णा नारळ घेऊन धावला, साठीच्या पुढचा माणूस, नव्या वेष्टीचा सोगा सावरत. कंडक्टरने बेल मारून गाडी थांबवली म्हणून मुहूर्त वाचला. आणि तू काय केलंस? धावलास का? नाही. "अप्पा, तसेच धावत राहा, छान येतंय," म्हणालास. तरीही मी तुझी बाजू घेतली. तरुण आहे, शिकतोय, म्हणाले. मेली माझी माया!

आता माझं बघ. एकतीस वर्षं मी विदुषी हेमवल्लींच्या मागे तंबोरा धरून बसले आहे. तंबोऱ्याचं काम तुला माहीत आहे. वेगळा ऐकू आला तर चुकला, ऐकूच आला नाही तरी चुकला. धरणारीनेही तसंच असायचं. रंगीत साडी नेसायची नाही, मान डोलवायची नाही, खोकला आला तर गिळायचा. एकतीस वर्षांत माझे शेकड्यांनी फोटो निघाले, आणि सगळ्यांत मी धुकं. एकात तर हेमवल्लींच्या डोक्यातून तंबोऱ्याची दांडी शिंगासारखी वर आली आहे आणि मी नाहीच. मी कधी चकार शब्द काढला का? ती जागा माझी होती. त्या जागेवरून मी जे गाणं ऐकलं, ते पहिल्या रांगेतल्या शालवाल्यांना जन्मात ऐकू येणार नाही.

आणि तू आलास पंच्याऐंशी घेऊन. तुला मी बजावलं होतं, विदुषींकडे बघ. तू वर मला शिकवलंस की या लेन्सचं तोंड पूर्ण उघडलं की वीतभर जागाच स्पष्ट येते, तिच्या पुढचं-मागचं सगळं विरघळतं. अरे शहाण्या, हे ठाऊक असून ती वीत माझ्या तोंडावर आणून ठेवलीस? हेमवल्ली तोडीच्या आलापात, पुढ्यात, आणि त्यांचं झालं पांढरं धुकं! मागे मी, डोळे मिटून, पापणीचा केस न् केस मोजून घ्यावा अशी. बरं, काढलास तर काढलास, लपवून ठेवायचा. सेक्रेटरींनी तो खाटेएवढा करून कॅन्टीनच्या दाराशी टांगला. सभागृहात एक वेळ चार माणसं जात नाहीत, कॅन्टीनमध्ये सगळं मैलापूर येतं. खाली मोठ्या अक्षरांत "विदुषी हेमवल्ली". रवा डोशाच्या रांगेत एक बाई माझा हात धरून म्हणाल्या, "काल काय गायलात हो!" मी नुसतेच हात जोडले. मागे वळून बघते तर खुद्द हेमवल्ली, हातात कॉफीचा पेला घेऊन उभ्या.

त्यांनी पेला टेबलावर ठेवला आणि निघून गेल्या. तिथेच रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. पुढच्या मैफलीला मी नेहमीसारखी तंबोरा लावून मागच्या दाराने आत गेले, तर माझ्या जागेवर एक डबा. विजेवर तंबोऱ्यासारखा वाजणारा, जेवणाच्या डब्याएवढा, त्याला लाल दिवा. त्याला बसायला माझीच सतरंजी घातली होती. "पंकजम्, तुला आता या वयात दगदग नको," एवढंच म्हणाल्या. वरदू, मी तंबोरा उचलून बसने घरी आले. एकतीस वर्षं गेली. त्या दिवसापासून संध्याकाळी साडेचारची तंबोरा लावायची वेळ झाली की माझी बोटं आपोआप हलतात आणि समोर तारा नसतात. याचा जाब मी कुणाला विचारू? डब्याला?

आणि तुला विचारलं तर काय म्हणालास? "अत्तै, तोडी तुझ्या चेहऱ्यावर दिसत होती, मी काय करू?" तोडी त्यांच्या गळ्यात होती, गाढवा, माझ्या चेहऱ्यावर कशाला येईल? आणि आली असली तरी तू ती जगाला दाखवायची? दुसऱ्याच दिवशी खोकल्याचं निमित्त करून कोईमतूरला पळालास. तुझा कॅमेरा माझ्या घरात पुन्हा आणायचा नाही. ती लेन्स विक, आणि झूमवाली घे. सर्वांना नमस्कार-आशीर्वाद सांग. खोकल्यावर सुंठ घे.

तुझी (सध्या नाइलाजाने)
पंकजम् अत्तै

ता. क. सेक्रेटरींनी तो फोटो दारावरून काढून टाकला, आणि विचारलं तर कुठे ठेवला ते आठवत नाही म्हणतात. तुझ्याकडे मूळ असेलच. एक प्रत मोठी करून, चौकटीत बसवून पाठव. खाटेएवढी नको, कपाटाच्या दारामागे मावेल एवढी. खालचं नाव नको. हे मन्नीला कळता कामा नये.

ता. क. दुसरा. हे पत्र पाकिटात घालत होते तेवढ्यात हेमवल्लींचा फोन आला. रविवारी ऐन आलापात सभेची वीज गेली. त्या विजेशिवाय गाऊ शकतात, पण डबा विजेशिवाय वाजू शकत नाही. आधी चार वाक्यं हवापाण्याची झाली, मग म्हणाल्या, "अठ्ठावीस तारखेला येशील का, पंकजम्? मागे कुणी नसलं की पाठीला गार लागतं." मी बघून सांगते म्हणाले. (दुपारी सांगितलं. सकाळीच सांगितलं असतं, पण एकतीस वर्षांत एकदा तरी त्यांना वाट बघायला लावायची होती.)

ता. क. तिसरा, आणि हा नीट वाच. अठ्ठाविसाला ये. खोलीत गादी घालून ठेवते. लेन्स विकली नसशील तर तीच आण. ती वीत संपूर्ण मैफलभर हेमवल्लींच्या चेहऱ्यावर राहिली पाहिजे, माझ्याकडे ढुंकूनही बघायचं नाही. तोडी मात्र त्या शेवटाकडे घेणार आहेत, आणि तोडीला मी डोळे मिटून घेते हे तुला माहीत आहे; तेव्हा तू काय करतोस ते मला दिसणार नाही.